समाजमाध्यमांवरील विचित्र पाककृती : बीड जिल्ह्याच्या खाद्यपरंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

अन्न हा मराठी माणसाच्या बोलण्यातला फार जुना विषय आहे. परंतु दुसऱ्याने केलेला पदार्थ न चाखता, न हुंगता, केवळ पाहून त्यावर मत देण्याची सवय अगदी अलीकडची होय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर एकाएकी खाली आला. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत केज, गेवराई, आष्टी, धारूर यांसारख्या तालुक्यांच्या गावीही मोबाइल हे चित्रफीत पाहण्याचे मुख्य साधन बनले. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामने रील आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स हा प्रकार भारतात आणला. टाळेबंदीत घरोघरी घोटली गेलेली फेसाळ 'डालगोना कॉफी' याच वर्षाची. पुढे संत्र्याच्या शीतपेयात शिजवलेली मॅगी, क्रीमच्या बिस्किटांची भजी, आइसक्रीम भरलेला डोसा, चॉकलेट ओतलेला वडापाव अशा पदार्थांच्या चित्रफिती देशभर फिरल्या आणि त्या पाहून लोक हसले, चिडले, क्वचित जाऊन खाऊनही आले.

या चित्रफितींकडे बहुधा दोन प्रकारे पाहिले जाते. एक तर तरुणांचा पोरकटपणा म्हणून त्या झटकल्या जातात किंवा संस्कृती बुडाल्याचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. दोन्ही भूमिकांत विचार करण्याचे श्रम वाचतात. विचित्र जोडणी म्हणजे नेमके काय, ती मनाला का खटकते, तिच्या प्रसारामागचे गणित कोणते, आरोग्याला खरा धोका कोठे आहे आणि ज्या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या टंचाईतून स्वयंपाक उभा केला त्या बीड जिल्ह्यातून पाहिल्यास या प्रकाराचा कोणता अर्थ लागतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जोडणीचे विचित्रपण

मराठी ताटाकडे परक्याच्या नजरेने पाहिले तर त्यातही विचित्र जोडण्यांची कमतरता नाही. गूळ-डाळीचे पुरण भरलेली गोड पोळी त्याच डाळीच्या पाण्यात मसाला घालून केलेल्या तिखट कटाच्या आमटीत बुडवून खाल्ली जाते. आमरसात तूप आणि मिरपूड पडते. श्रीखंडाच्या वाटीशेजारी बटाट्याची भाजी असते. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून त्यात गूळ घालतात आणि तोंडी लावायला लसणाची चटणी घेतात. हे सारे कोणाला खटकत नाही, कारण ते लहानपणापासून जिभेला ठाऊक आहे. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७२ मधील आपल्या एका प्रसिद्ध निबंधात जेवणाला व्याकरण असते असे दाखविले आहे. कोणता पदार्थ कोणत्या वेळी, कशाच्या आधी, कशाच्या शेजारी येतो याचे अलिखित नियम असतात आणि ते मोडले की खाणाऱ्याला चुकीचे वाक्य ऐकल्यासारखे वाटते. शीतपेयातील मॅगी खटकते ती प्रथम या व्याकरणदोषामुळे. तिची चव हा पुढचा प्रश्न होय.

व्याकरण बदलत असते, याची साक्ष बीड जिल्ह्यातच मिळते. परळीच्या वैजनाथाला महाशिवरात्रीस येणारा भाविक साबुदाण्याच्या खिचडीवर उपवास करतो. या खिचडीतील साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो, तिच्यातील शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चारही जिन्नस मुळात अमेरिका खंडातील आहेत. ते भारतात येऊन पाच-सव्वापाचशे वर्षांहून अधिक काळ झालेला नाही. कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या उपवासाने या चार परदेशी पाहुण्यांना निःशंकपणे सोवळ्यात घेतले. ज्या फळाला बीडच्या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जे बालाघाटच्या डोंगराचा मेवा म्हणून ओळखले जाते, ते सीताफळही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने उष्णकटिबंधीय अमेरिकेतलेच. त्याला सीतेचे नाव मिळाले आणि त्याचा परकेपणा संपला. वडापावाची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असे सामान्यतः मानले जाते. पोर्तुगीजांकडून आलेल्या पावात बटाट्याचा तळलेला गोळा, त्यावर सुक्या लसणाची चटणी. पिठात पीठ कोंबण्याचा हा प्रकार त्या काळी चित्रफीत असती तर थट्टेचाच विषय झाला असता.

जुन्या ग्रंथांत डोकावले तरी हेच दिसते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात 'अन्नभोग' हे प्रकरण आहे. आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग ज्या सत्तेखाली होता तिच्या राजाच्या मुदपाकखान्याचे हे वर्णन. त्यात डाळींचे वडे, इडलीचा पूर्वज म्हणावा असा पदार्थ आणि तांदळाचे प्रकार आहेत, तसेच शेतातील उंदीर तेलात तळण्याची कृतीही आहे. राजाच्या ताटातील हा पदार्थ आज कोणी दाखविला तर त्याखाली कोणत्या प्रतिक्रिया येतील, हे सांगण्याची गरज नाही.

आयुर्वेद आणि रसायन यांची उत्तरे

असे पदार्थ पाहिल्यावर मराठी घरात हमखास निघणारा शब्द म्हणजे 'विरुद्ध आहार'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात याचे सविस्तर विवेचन आहे. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत हे त्यातील सर्वपरिचित उदाहरण. परंतु चरकाने विरुद्धत्वाचे १८ प्रकार सांगितले आहेत आणि संयोग, म्हणजे दोन पदार्थ एकत्र येणे, हा त्यांपैकी केवळ एक आहे. देश, काळ, अग्नी, मात्रा, संस्कार, क्रम अशा कारणांनीही अन्न विरुद्ध ठरते. या यादीत 'हृद्विरुद्ध' असाही एक प्रकार आहे, म्हणजे मनाला न रुचणारे अन्न. आज चित्रफितीवर व्यक्त होणारी किळस या एका शब्दात बसते. दुसरी बाब अशी की, दुधाबरोबर वर्ज्य ठरविलेल्या फळांत केळ्याचा समावेश आहे. तरीही शिकरण हा महाराष्ट्रात पाहुण्याला झटपट वाढण्याचा पदार्थ आहे आणि विरुद्ध आहाराचा दाखला देणारी मंडळीही तो आवडीने खातात. सवयीचे झालेले, अल्प प्रमाणात घेतलेले किंवा तरुण, व्यायामी आणि प्रखर अग्नीच्या माणसाने खाल्लेले विरुद्ध अन्न बाधत नाही, असे संहितेतच पुढे म्हटले आहे. ग्रंथाचा आधार घ्यायचा तर हा भागही वाचला पाहिजे.

आधुनिक विज्ञानाने या प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला. ज्या दोन पदार्थांत गंध देणारी रासायनिक संयुगे सामाईक असतात ते एकत्र चांगले लागतात, अशी एक कल्पना १९९० च्या दशकात युरोपातील नामांकित स्वयंपाक्यांमध्ये रुजली. २०११ मध्ये बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी ५६ हजारांहून अधिक पाककृतींच्या आधारे ती तपासली. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपातील पाककृतींना ती बऱ्याच अंशी लागू पडली. पूर्व आशियातील पाककृती मात्र सामाईक संयुगे टाळताना दिसल्या. २०१५ मध्ये आयआयटी जोधपूर येथील गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी भारतातील आठ प्रादेशिक पाकपरंपरांच्या २५४३ पाककृती आणि १९४ घटक घेऊन असाच अभ्यास केला. त्या आठांत महाराष्ट्रीय पाकपरंपरेचाही समावेश होता. निष्कर्ष असा निघाला की, भारतीय पाककृतींत एकमेकांशी गंधाचे नाते नसलेले घटक एकत्र आणले जातात आणि हा परिणाम साधण्यात मसाल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

या निष्कर्षाचा सरळ अर्थ असा की, विसंगत वस्तू एकत्र करणे हे भारतीय स्वयंपाकाचे वैगुण्य मानता येत नाही. ती त्याची मूळ रीत आहे. मग चॉकलेटचा वडापाव का फसतो? कारण विसंगत घटकांना बांधणारे काहीतरी लागते. कटाच्या आमटीत पुरणाचा गोडवा, चिंच किंवा आमसुलाचा आंबटपणा, काळ्या मसाल्याचा तिखटपणा आणि फोडणीचा वास हे एका पातेल्यात उकळून एकजीव झालेले असतात. चित्रफितीतील पदार्थात दोन तयार वस्तू एकावर एक ठेवलेल्या असतात. तेथे फोडणी नाही, मुरणे नाही, उकळी नाही. थोडक्यात, संस्कार नाही. त्याला पाककृती म्हणण्यापेक्षा मांडणी म्हणणे अधिक रास्त ठरेल.

प्रसाराचे गणित

अशी मांडणी कोट्यवधी लोकांपर्यंत का पोहोचते, याचे कारण चवीत सापडत नाही. ते माध्यमाच्या रचनेत आहे. कोणती चित्रफीत पुढे न्यायची हे ठरविणारी संगणकीय यंत्रणा पाहणाऱ्याचे वर्तन मोजते. त्याने ती किती वेळ पाहिली, पुन्हा पाहिली का, खाली काही लिहिले का, दुसऱ्याला पाठविली का, एवढेच तिला कळते. 'शी!' म्हणून लिहिलेला शेरा आणि 'वा!' म्हणून लिहिलेला शेरा यांत तिला फरक करण्याचे फारसे कारण नसते. फेसबुकने २०१७ पासून राग, आश्चर्य, प्रेम दर्शविणाऱ्या चिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. रागाचे वजन पुढे शून्य करण्यात आले, परंतु तोपर्यंत राग हा खपाऊ माल आहे हे बनविणाऱ्यांना पुरते कळून चुकले होते. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून 'रेज बेट' या शब्दयोजनेची निवड केली. चिडविण्यासाठी लावलेला गळ असा तिचा अर्थ.

गाडीवाल्याच्या दृष्टीनेही यात तर्क आहे. एका चौकात वडापावाच्या दहा गाड्या असतील तर अकराव्याने चित्रीकरण करणाऱ्या मुलांना बोलावून काही तरी अचाट करून दाखवावे, हा त्याच्यापुरता जाहिरातीचा स्वस्त मार्ग आहे. नागपूरचे सुनील पाटील ऊर्फ 'डॉली चायवाला' यांच्या हातचा चहा बिल गेट्स यांनी घेतल्याची चित्रफीत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभर पाहिली गेली. त्यात चहाची पाककृती कोणी विचारली नाही. दूध ओतण्याची लकब पाहिली गेली. चव पडद्यातून पोहोचत नाही. रंग, धूर, आवाज, वितळणारे चीज आणि हाताची लकब पोहोचते. त्यामुळे पडद्यावर टिकणारा पदार्थ आणि जिभेवर टिकणारा पदार्थ यांची निवड वेगवेगळ्या कसोट्यांवर होते.

मात्र याच माध्यमाने उलट दिशेचेही काम केले आहे. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या आजींनी नातवाच्या मदतीने २०२० मध्ये 'आपली आजी' ही यूट्यूब वाहिनी नावारूपाला आणली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी कारल्याची भाजी, भाकरी, घरचा मसाला असे साधे पदार्थ करून दाखविले आणि लाखो लोकांनी ते पाहिले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० मधील आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मधील. या छापील परंपरेत ग्रामीण मराठवाड्यातील अक्षरओळख नसलेल्या स्त्रीला लेखिका म्हणून जागा मिळणे अवघड होते. चित्रफितीने ती अट काढून टाकली. माध्यमाची निंदा करताना ही नोंद वगळता येणार नाही.

खरा धोका कोठे आहे

विचित्र जोडणीने पोट बिघडेल ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. चॉकलेट आणि बटाटेवडा पोटात गेल्यावर त्यांचे पचन स्वतंत्रपणे खाल्ल्यासारखेच होते. धोका असतो तो जोडणीबाहेरच्या गोष्टींत. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल खाण्यास वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. चित्रफितीत हे प्रमाण दिसत नाही. फार तर तेलाचा काळपटपणा दिसतो. भडक रंगांचेही तसेच. कापड रंगविण्यासाठी वापरला जाणारा र्‍होडामाइन-बी हा रंग आढळल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने रंगीत 'बुढ्ढी के बाल' विकण्यावर बंदी घातली. कर्नाटकाने मार्चमध्ये कोबी मंच्युरियनमधील कृत्रिम रंगही त्यात आणले.

सर्वांत गंभीर उदाहरण धुराच्या विड्याचे आणि धुराच्या बिस्किटांचे. तोंडातून-नाकातून वाफा निघतात म्हणून मुलांना याचे फार आकर्षण. हा धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस इतके असते आणि द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे ७०० पट वाढते. द्रव पूर्णपणे उडून जाण्यापूर्वी पदार्थ गिळला तर जठराची भिंत गोठते आणि फुगणाऱ्या वायूने फाटू शकते. २०२४ मध्ये बंगळुरू येथे एका समारंभात असा विडा खाल्लेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या जठराला छिद्र पडून शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तामिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने यासंबंधी विक्रेत्यांना ताकीद दिली. लग्नसमारंभात आता पाणीपुरीशेजारी असे विड्याचे स्टॉलही मांडले जातात, म्हणून ही माहिती महाविद्यालयीन वर्गात सांगण्यासारखी आहे.

याउलट, पूर्णपणे पारंपरिक आणि पवित्र मानलेले अन्नही घातक ठरू शकते. मराठवाड्यात उपवासाच्या दिवशी भगरीच्या पिठाच्या भाकरी खाऊन एकाच वेळी अनेकांना विषबाधा झाल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. ओलसर हवेत साठविलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस गटातील बुरशी वाढते आणि तिच्यापासून विषारी द्रव्ये तयार होतात. पीठ फार दिवस ठेवल्यास हा धोका वाढतो. भगर घरी निवडून, धुऊन, वाळवून दळावी, सुटे पीठ आणू नये, असा सल्ला अन्न व औषध प्रशासन देत असते. या प्रकाराची चित्रफीत कोणी मिटक्या मारत पाहत नाही.

टंचाईचे स्वयंपाकघर

येथवरचे विवेचन कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल. बीडचा प्रश्न यापुढे सुरू होतो, कारण या जिल्ह्यात अनपेक्षित जोडण्या करण्याची कला करमणुकीतून आलेली नाही. ती अवर्षणातून आली.

येसर हे याचे उत्तम उदाहरण. गहू किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळले जातात. हे पीठ डब्यात महिनोन् महिने टिकते. उकळत्या पाण्यात फोडणी, तिखट आणि मूठभर येसर घातले की दाट, खमंग आमटी तयार होते. धान्य आणि मसाला एकाच पिठात दळणे ही पाकशास्त्राच्या पुस्तकी विभागणीला न जुळणारी गोष्ट आहे, परंतु तीतच तिचे शहाणपण आहे. ओले खोबरे नाही, भाजी नाही, डाळही बेताची. तरी लग्नाच्या पंगतीत शेकडो माणसांना पुरेल अशी आमटी होते, कारण भाजलेल्या धान्यातील पिष्टाने रस्सा दाट होतो आणि भाजण्याने आलेला खमंगपणा मसाल्याची बचत करतो. कोरडवाहू प्रदेशातील वधुपित्याची अब्रू या पिठाने किती वेळा राखली असेल, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

सुशीला हा मराठवाड्यातील नाश्ताही तसाच. भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी आणि वरून दाण्याचे किंवा फुटाण्याच्या डाळ्याचे कूट. पोहे महाग वाटतील तेथे मुरमुरे. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणी देऊन, पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारे तांदुळजा, कुरडू, तरोटा, घोळ यांची भाजी. या सगळ्यांत हाताशी जे आहे त्यातून जे हवे आहे त्याच्या जवळ जाण्याचा प्रयत्न दिसतो. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या भागात वेळ अमावास्येला शेतात नेली जाणारी भज्जी पाहावी. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, भुईमूग, मेथी, चुका, गाजर असे शेतात त्या दिवशी जे जे असेल ते सारे ताक आणि बेसनात एकत्र शिजते. सोबत आंबील आणि बाजरीचे उंडे. एवढ्या वस्तू एका पातेल्यात पाहून अनोळखी माणूस बिचकेल. पण त्या पातेल्यात त्या आठवड्यातील शेताची यादी असते.

१९७२-७३ च्या दुष्काळाची आठवण जिल्ह्यातील सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाजवळ आहे. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली 'मिलो' ही लाल ज्वारी त्या वर्षाने घराघरांत आणली. शाळू ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी करण्यात हयात गेलेल्या बायकांना हे लालसर, परके धान्य हाताळावे लागले. ज्वारीत गहूपिठासारखा चिवटपणा देणारे ग्लुटेन नसते. भाकरी थापली जाते ती उकळत्या पाण्याने. साधारण ७० अंशांच्या आसपास पिष्ट पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. पाणी किती ऊन घ्यायचे, पीठ किती मळायचे, कोणते पीठ जुने झाल्याने विरी जाऊन तुटेल, हे हाताला कळते. मिलोसारख्या अनोळखी पिठाची भाकरी थापता यावी म्हणून त्या हातांनी काय काय केले असेल, ही खऱ्या अर्थाने प्रयोगशील पाककृती होती. तिची चित्रफीत नाही. बहुतेक ठिकाणी लेखी नोंदही नाही.

आजही दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीतली चूल पहाटे अंधारात पेटते, दिवसभराच्या भाकरी एकदम होतात आणि फडावर त्या चटणीबरोबर, कधी नुसत्या मीठ-तिखट-तेलाबरोबर खाल्ल्या जातात. मोबाइल तेथेही असतो. चॉकलेटात बुडविलेला वडापाव कोपीत बसलेली मुलेही पाहतात. कढईभर तेल आणि चीज केवळ दृश्यासाठी वाया जाताना पाहणाऱ्याच्या ताटात काय आहे, हा प्रश्न चित्रफीत बनविणाऱ्याला पडण्याचे कारण नाही. अन्नाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

स्थानिक पदार्थ पडद्यावर गेला की त्याचे काय होते, हे सीताफळावरून समजते. सीताफळाचा गर तापविला की त्यास कडवटपणा येतो आणि रंग गुलाबीसर पडतो. म्हणून जाणती बाई दूध आटवून, बासुंदी पूर्ण निवल्यावरच त्यात गर मिसळते. बिया हाताने एकेक काढल्या जातात, कारण त्या भरडल्या गेल्यास गर कडू होतो आणि त्यांतील द्रव्ये अपायकारक असतात. बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत हे दोन तास बसत नाहीत. गर उकळत्या दुधात ओतला की दृश्य चांगले दिसते आणि घरी करून पाहणाऱ्याची बासुंदी बिघडते. येथे पदार्थ विचित्र नाही, जोडणीही जुनीच आहे. गळून पडले आहे ते कारण.

कोणाचे अन्न विचित्र

विचित्र हा शब्द निरुपद्रवी नाही. मराठवाड्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींनी मृत जनावराचे मांस, आतडी, रक्त यांपासून रक्ती, चान्या यांसारखे पदार्थ केले, कारण दुसरे अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले जात नव्हते. मांसाच्या पट्ट्या वाळवून टिकविण्याची ही विद्या टंचाईचे शास्त्रच होते. तरीही हे पदार्थ गावाने किळसवाणे ठरविले आणि खाणाऱ्यांना त्यावरून हिणविले. धाराशिव जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मधील पुस्तकात या स्वयंपाकघराची सविस्तर नोंद केली. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या परिचित वचनाला शीर्षकातच दिलेले ते उत्तर होय. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले होते.

या पार्श्वभूमीवर चित्रफितीखालच्या शेऱ्यांकडे पाहिले पाहिजे. बिस्किटांच्या भजीला नावे ठेवणारा हात त्याच सहजतेने वजडी, खेकडे, मुंग्यांची चटणी यांच्या चित्रफितीखाली तीच नावे लिहितो. पहिल्या पदार्थाचे विचित्रपण करणाऱ्याने मुद्दाम निवडलेले असते आणि त्यावर त्याला उत्पन्न मिळते. दुसऱ्याचे विचित्रपण पाहणाऱ्याने लादलेले असते आणि त्याची किंमत खाणारा मोजतो. डबा उघडताना झाकण आडवे धरून जेवणारी मुले वसतिगृहांत आणि महाविद्यालयांच्या व्हरांड्यांत आजही दिसतात. त्यांच्यासमोर 'विचित्र' हा शब्द उच्चारताना शिक्षकाला जपावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्रकल्पलेखन अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि विद्यार्थ्यांच्या हातात चित्रीकरणाचे साधनही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे ज्या खेड्यांत भरतात तेथे येसर दळणाऱ्या, माडगे करणाऱ्या, मिलोची भाकरी थापलेल्या स्त्रिया अजून हयात आहेत. त्यांना विचारायचे प्रश्नही साधे आहेत : कोणत्या सालापासून हा पदार्थ करता, कोणाकडून शिकलात, कोणता जिन्नस नसेल तर काय घालता, करणे केव्हा सोडले आणि का. पडद्यावर जे अर्ध्या मिनिटात बसत नाही ते ध्वनिमुद्रणात तासभर बसू शकते. मिलोच्या वर्षी ज्या वीस वर्षांच्या होत्या, त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत.